करभार व स्थाननिवड : नंदुरबार जिल्हा

करभार व स्थाननिवड : शेजारशेजारच्या दोन राज्यांतील करांचे दर, सूट व अनुदाने यांत तफावत असल्यास शेतकरी, व्यापारी, कारखानदार किंवा ग्राहक आपले वास्तव्य, व्यवसाय वा खरेदी यांसाठी कमी भाराचे ठिकाण पसंत करतो. ही प्रवृत्ती राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवा जनपद वसविताना रयतेस ‘परिहार’ म्हणजे करमाफी द्यावी, असे सांगितले आहे. आधुनिक काळात चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या विषयाची सैद्धांतिक मांडणी केली. स्थानिक संस्थांचे कर व त्यांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या सेवा यांची तुलना करून नागरिक आपले गाव निवडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र मनुष्यास स्थलांतर सहज शक्य असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक कोणाच्या बाबतीत व कोणत्या काळी खरे ठरते, याचा उलगडा महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यातील नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासावरून चांगला होतो.

भौगोलिक स्थान : नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिमेस व वायव्येस गुजरात राज्य, उत्तरेस व ईशान्येस मध्य प्रदेश आणि दक्षिणेस व आग्नेयीस धुळे जिल्हा आहे. उत्तर सीमेवरून नर्मदा व मध्यभागातून तापी वाहते. दोन्ही नद्यांच्या दरम्यान सातपुड्याच्या रांगा आहेत. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके आहेत. लोकसंख्या १६,४८,२९५ (२०११) असून तीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, गावित (मावची) व कोकणा या येथील प्रमुख जमाती होत. तीन राज्यांच्या सीमा जवळ आलेल्या असल्याने एका राज्याच्या करातील बदलाचा परिणाम येथील बाजारात व रस्त्यांवर चटकन जाणवतो.

जुना व्यापारी मार्ग : सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार या गावांवरून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिर व्यापारी व प्रवासी ताव्हेर्न्ये याने नवापूरचे वर्णन विणकरांनी गजबजलेले मोठे गाव असे केले असून तेथील बारीक, सुवासिक तांदळाची विशेष प्रशंसा केली आहे. याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी नंदुरबार येथे वखार घातली होती.

सुरतेहून आग्र्यास जाण्यास अहमदाबादवरून दुसराही मार्ग होता. दोहोंपैकी कोणता धरावयाचा, हे ठरविताना व्यापारी वाटेतील सुरक्षितता व ठिकठिकाणी द्यावी लागणारी जकात या दोहोंचा विचार करीत. ‘राहदारी’ म्हणजे वाटेवरील जकात रद्द केल्याचे आदेश मोगल बादशहांनी वेळोवेळी काढले. तथापि जमीनदार व ठाणेदार ती वसूल करीतच राहिले. यूरोपीय कंपन्या फर्माने मिळवून स्वतःपुरती सूट पदरात पाडून घेत. त्यामुळे एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचा करभार वेगवेगळा असे.

कौल व इस्तावा : अठराव्या शतकाच्या मध्यास खानदेश मराठ्यांच्या अंमलाखाली आला. त्या काळी दख्खनमध्ये जमीन मुबलक व कसणारी माणसे थोडी होती. वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करणारा मिरासदार सहसा गाव सोडीत नसे. उपरी म्हणजे असा हक्क नसलेला कसणारा मात्र सारा जड झाला, की बैल व नांगर घेऊन दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या सरदाराच्या मुलखात निघून जाई. कुळे परागंदा झाली, की गावाचा वसूल घटे. म्हणून त्यांना परत आणण्यासाठी व नवी कुळे वसविण्यासाठी ‘कौल’ म्हणजे अभयपत्र दिले जाई. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे नाममात्र सारा द्यावा लागे व पुढे तो दरसाल वाढत जाऊन ठरल्या मुदतीच्या अखेरीस पूर्ण आकारास पोहोचे. या पद्धतीस ‘इस्तावा’ असे म्हणत. नवी पेठ वसवितानाही वाणी-उदमी व कारागीर यांना काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ करण्यात येई.

या व्यवस्थेत करातील सूट हा कृपेचा भाग नसून सौद्याचा भाग होता. माणसांची गरज राज्यकर्त्यास होती व त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते देण्याची प्रथा बळावली. मक्तेदारांनी अल्प मुदतीत जास्तीत जास्त वसूल काढला आणि कौलावरील विश्वास उडाला. त्यातच १८०३-०४ चा दुष्काळ, यशवंतराव होळकर व पेंढारी यांच्या फौजांची लूट आणि भिल्लांचे दंगे यांमुळे खानदेशातील पुष्कळ गावे ओसाड पडली. शहादे भागातील सुलतानपूर हे एके काळचे भरभराटीचे परगण्याचे ठिकाण याच सुमारास उजाड झाले. कराची तफावत माणसाला गाव सोडावयास लावते, त्याप्रमाणे सुरक्षिततेचा अभावही लावतो आणि दोन्ही कारणे बहुधा एकत्रच येतात, हे या घटनांवरून दिसते.

ब्रिटिश अंमल : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे जिल्ह्याची व्यवस्था सोपविण्यात आली. १८२५ मध्ये भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या व जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभारली. कौलाने पडीत जमीन देणे, तगाई देणे हे जुनेच उपाय नव्या शासनानेही प्रारंभी चालू ठेवले. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३८ च्या कायद्याने रद्द करण्यात आल्या. संस्थानांच्या जकाती मात्र चालू राहिल्या. नवापूरच्या पश्चिमेस बडोदे संस्थानचा सोनगड महाल होता. त्यामुळे पुढील शतकभर नवापूर व सोनगड यांमधील सीमा ही दोन करव्यवस्थांची सीमा होती.

१८५२ पासून खानदेशात मोजणी व आकारणीची नवी पद्धत लागू करण्यास सुरुवात झाली. त्या वर्षी सावदे, एरंडोल इ. ठिकाणी मोजणीविरुद्ध लोकांनी उठाव केला. या पद्धतीत प्रत्येक शेताचा आकार तीस वर्षांसाठी ठरविला जाई. हवामान, बाजारपेठेचे अंतर इत्यादींवरून गावांचे गट पाडण्यात येत. रयतेस राजीनामा देऊन शेत सोडण्याची मोकळीक होती. पण लागवड वाढली, लोकसंख्या वाढली व १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलाचा मोठा भाग राखीव झाला. तेव्हा सोडलेल्या शेताच्या बदल्यात दुसरे शेत मिळेनासे झाले. शेत सोडण्याचा अधिकार कागदावर शिल्लक राहिला. परंतु जाण्याची जागा संपली. कर पाहून गाव निवडण्याची जी शक्ती अठराव्या शतकातील उपऱ्याजवळ होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या वंशजांजवळ राहिली नाही.

अबकारी करासंबंधी सीमेचा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळण्यावर बंदी आली व मक्तेदारांच्या दारूवर कर बसला. सरहद्दीच्या दोन बाजूंस दर वेगळे असले, की स्वस्त हद्दीतील दारू महाग हद्दीत येई. म्हणून ब्रिटिश शासनाने शेजारच्या संस्थानांशी अबकारी व्यवस्थेसंबंधी करार केले. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात व लगतच्या खानदेशातील आदिवासींत पसरलेल्या देवी चळवळीने मद्यत्यागाचा पुरस्कार केला. तिची प्रेरणा धार्मिक व सामाजिक होती. तथापि तिच्यामुळे अबकारी उत्पन्नावर परिणाम झाला. हद्द ओलांडून कर टाळण्याऐवजी करपात्र वस्तूच वर्ज्य करण्याचा हा मार्ग होता.

राज्यपुनर्रचना व नवी सीमा : १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नवापूर-सोनगड सीमा करांच्या दृष्टीने नाहीशी झाली. हा एकजिनसीपणा अकरा वर्षे टिकला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये निर्माण झाली, तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील सुमारे दीडशे गावे गुजरातला जोडण्यात आली. उच्छल व निझर हे तालुके मुख्यतः त्यांतून बनले. एकोणिसाव्या शतकात भिल्ल एजन्सीचे ठाणे असलेले कुकरमुंडेही त्या बाजूस गेले. येथील शेतकऱ्याने राज्य निवडले नव्हते. त्याचे घर व शेत जागच्या जागी राहून त्याचे राज्य बदलले. तापी खोऱ्यातील लोहमार्गावरील नवापूर स्थानकातूनच राज्यसीमा जाते व फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातमध्ये मोडतो.

दोन्ही राज्यांचा प्रारंभ एकाच कायद्याने झाला. मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ हा जानेवारी १९६० पासून अंमलात होता व विभाजनानंतर तो दोन्हीकडे चालू राहिला. गुजरातने १९६९ मध्ये स्वतःचा विक्रीकर अधिनियम संमत केला व १९७० पासून तो लागू केला. मध्य प्रदेशाचा सर्वसाधारण विक्रीकर अधिनियम १९५८ चा होता. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हाही समाईक वारसा होता. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने १९६० नंतरच्या दशकात ती शिथिल केली. परिणामी महाराष्ट्राच्या हद्दीतील सीमावर्ती गावांत परवानाधारक दुकानांना गुजरातमधील गिऱ्हाईक मिळू लागले. एका राज्याने सोडून दिलेला महसूल अशा रीतीने काही अंशी दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत जमा होतो.

विक्रीकराचा काळ : भारतात विक्रीकराची सुरुवात १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड येथे मोटार-इंधनावरील कराने झाली. मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर १९४६ मध्ये आला. राज्याराज्यांतील व्यापारावरील कराचे नियमन करण्यासाठी केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ करण्यात आला. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधील आंतरराज्य विक्रीवरील या कराचा दर आरंभी १ टक्का होता. तो १९७५ पर्यंत ४ टक्क्यांवर गेला. कर विक्रीवर होता, मालाच्या नुसत्या स्थलांतरावर नव्हता. म्हणून मोठे उत्पादक परराज्यात स्वतःचे गुदाम उघडून माल तेथे ‘पाठवीत’ व मग स्थानिक विक्री दाखवीत. गुदाम कोठे असावे, हे अशा वेळी बाजारपेठेपेक्षा कायद्यावरून ठरे. शिवाय नगरपालिकांची जकात होतीच. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये, तर गुजरातमधील नगरपालिकांची २००१ मध्ये रद्द झाली.

नाक्यांवरील तपासणी, कागदपत्रे व खोळंबा यांचा खर्च मोठ्या व्यापाऱ्यास पेलत असे. डोक्यावर पाटी घेऊन पलीकडच्या आठवडे-बाजारास जाणाऱ्या स्त्रीस विक्रीकराची नोंदणी नव्हती व तिच्या मालावर बहुधा करही नव्हता. तिच्या लेखी सीमा ही भाषा व नातेसंबंध यांनी जोडलेल्या एकाच मुलखातील एक खूण होती. करभारानुसार स्थान निवडण्याचा प्रश्न नोंदवही ठेवणाऱ्यांपुरता मर्यादित होता.

उद्योगांना सवलती : महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत, हा तिचा हेतू होता. विकासाच्या पातळीनुसार तालुक्यांचे गट पाडून मागास गटांतील कारखान्यांना विक्रीकराची माफी वा लांबणी, भांडवली अनुदान इ. सवलती देण्यात येत. आदिवासीबहुल नंदुरबार भाग मागास गटांत मोडत असे. तथापि याच काळात गुजरात व अन्य राज्यांनीही अशाच सवलती दिल्या. नजीकच्या दादरा व नगर हवेली या केंद्रशासित प्रदेशात विक्रीकर व प्राप्तिकर यांतील दीर्घ मुदतीच्या सवलतींमुळे सिल्व्हासा परिसरात कृत्रिम धाग्याचे कारखाने मोठ्या संख्येने निघाले.

सर्वांनीच सूट दिली, की सुटीचे आकर्षण उरत नाही, तिजोरीचे नुकसान मात्र उरते. हे लक्षात येऊन नोव्हेंबर १९९९ मध्ये भरलेल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने विक्रीकराचे किमान समान दर ठरविले व विक्रीकरावर आधारित नव्या सवलती जानेवारी २००० पासून थांबविण्याचा निर्णय घेतला. पुढे महाराष्ट्राने १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर स्वीकारला. गुजरात व मध्य प्रदेश यांनी तो १ एप्रिल २००६ रोजी स्वीकारला. मधल्या वर्षी नंदुरबार जिल्हा नव्या करव्यवस्थेत व त्याचे दोन्ही शेजारी जुन्या व्यवस्थेत होते.

नवापूरचा वस्त्रोद्योग : करांऐवजी अन्य सवलतींच्या आधारे होणाऱ्या स्थाननिवडीचे ठळक उदाहरण म्हणजे नवापूर औद्योगिक क्षेत्र होय. महाराष्ट्र शासनाच्या २०११–१७ च्या वस्त्रोद्योग धोरणात कर्जावरील व्याजात सवलत तसेच विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र येथील नव्या प्रकल्पांना १० टक्के भांडवली अनुदान यांची तरतूद होती. २०१८–२३ च्या धोरणात वीजदरातील सवलतींवर भर होता. सुरतेहून सुमारे शंभर किमी. अंतरावरील नवापूरकडे तेथील यंत्रमागधारक वळले. सूत सुरतेहून यावे, कापड नवापूरला विणले जावे व रंगाई, छपाई आणि विक्री यांसाठी ते पुन्हा सुरतेस जावे, असा क्रम सुरू झाला. ताव्हेर्न्येने विणकरांचे गाव म्हणून वर्णिलेले नवापूर साडेतीन शतकांनी पुन्हा विणकामाचे केंद्र बनले; पण या वेळी माग आणि भांडवल दोन्ही बाहेरून आले.

येथे भूमीचा प्रश्नही निगडित आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील १९७४ च्या सुधारणेनुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे शासनाच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. हे संरक्षण सावकारी व फसवणूक यांतून झालेल्या जमीनहानीच्या अनुभवावरून आले. त्यामुळे बाहेरच्या उद्योजकास खाजगी जमीन सहसा मिळत नाही व तो औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावरच येतो. कोठे यावयाचे हे उद्योजक ठरवितो; कोणत्या जागी बसावयाचे हे राज्य ठरविते.

वस्तू व सेवा कर : १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. विक्रीकर, मूल्यवर्धित कर, प्रवेश कर इ. त्यात विलीन झाले व राज्यांच्या विक्रीकर तपासणी नाक्यांचे प्रयोजन संपले. या कराचे तत्त्व गंतव्यस्थानाचे आहे : वस्तूचा उपभोग जेथे होतो, त्या राज्यास कराचा राज्यहिस्सा मिळतो. म्हणून नवापूरला विणलेले कापड सुरतेस विकले गेल्यास त्यावरील राज्यहिस्सा महाराष्ट्रास मिळत नाही. अशा उद्योगास करपरताव्याचे आमिष दाखविण्यास राज्याकडे फारसा वाव राहत नाही. वीज, व्याज व भांडवल यांवरील अनुदान हाच मार्ग उरतो. असे अनुदान मात्र येणाऱ्या करातून वजा होत नाही, ते तिजोरीतून प्रत्यक्ष द्यावे लागते.

पेट्रोल, डीझेल व मद्य ही या कराच्या प्रत्यक्ष कक्षेबाहेर राहिली आहेत. महाराष्ट्राचा पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर व अधिभार मिळून होणारा भार गुजरातपेक्षा सामान्यतः अधिक असल्याने सीमेलगतचे वाहनधारक टाकी गुजरातच्या हद्दीत भरणे पसंत करतात. त्याचा फटका महाराष्ट्राच्या बाजूच्या पंपांना बसतो. ज्या वस्तूपासून देशात विक्रीकर सुरू झाला, तीच वस्तू राज्याराज्यांतील करतफावतीचे शेवटचे मोठे क्षेत्र ठरली आहे.

मूल्यमापन : नंदुरबारच्या इतिहासातून असे दिसते, की करातील सूट ज्याची राज्याला गरज असते व ज्याला दुसरीकडे जाता येते त्यालाच मिळते. अठराव्या शतकात तो नांगर घेऊन हिंडणारा उपरी होता. विसाव्या शतकात व्यापारी व कारखानदार झाला. औद्योगिक प्रोत्साहन योजना ही एका अर्थी जुन्या कौलाचीच नवी आवृत्ती होय. दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. इस्ताव्याची मुदत संपली, तरी विहीर, बांध व सुधारलेली जमीन मागे टाकून जाणे रयतेच्या हिताचे नसे. त्यामुळे सुटीच्या वर्षांत बुडालेला वसूल पुढे भरून येई. यंत्रमाग मालमोटारीवर चढवून अन्यत्र नेता येतो. शेजारच्या राज्याने अधिक अनुदान दिल्यास तो नेण्यास विलंब लागत नाही. म्हणून सवलतीच्या काळात स्थानिकांना कोणते कौशल्य व किती स्थिर रोजगार मिळाला, यावरच अशा धोरणाचे यश मोजावे लागते.

याच जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे पावसाळ्यानंतर दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी राज्यसीमा ओलांडतात आणि उन्हाळ्याअखेर परततात. सीमा ओलांडणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे. परंतु त्यांच्या जाण्याचे कारण कर हे नसून मजुरी हे आहे. दोन राज्यांच्या करांची तुलना करून स्थान निवडणारे थोडे व उपजीविकेच्या अभावी स्थान सोडणारे पुष्कळ, ही या सीमावर्ती जिल्ह्याची वस्तुस्थिती आहे. करदर समान झाल्याने पहिल्या प्रकारचे स्थलांतर कमी होऊ शकते. दुसऱ्या प्रकारचे कमी होण्यासाठी सिंचन, शिक्षण व गावातच बारमाही काम यांची आवश्यकता आहे.